मतपत्रिकेवरचा दुसरा आकडा

एरवी वर्षभर उत्तरपत्रिकांवर आकडे लिहिणाऱ्या शिक्षकांनी २६ जून २०२४ रोजी मतपत्रिकेवर आकडे लिहिले. निमित्त होते विधान परिषदेच्या नाशिक विभाग शिक्षक मतदारसंघाच्या निवडणुकीचे. नाशिक, धुळे, जळगाव, नंदुरबार आणि अहमदनगर असे पाच जिल्हे मिळून हा मतदारसंघ होतो. (अहमदनगर जिल्ह्याचे नाव त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अहिल्यानगर झाले.) सुमारे ६९ हजार शिक्षकांची नावे यादीत होती आणि त्यांपैकी ९३ टक्क्यांहून अधिक जणांनी मतदान केले. विधानसभेला किंवा लोकसभेला एवढे मतदान क्वचितच पाहायला मिळते.

या मतदानात यंत्र नव्हते, बटण नव्हते आणि शिक्काही नव्हता. केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या स्केचपेनने उमेदवाराच्या नावापुढे १ हा आकडा लिहायचा. मनात असेल तर दुसऱ्याच्या नावापुढे २, आणखी कोणाच्या नावापुढे ३ असा क्रम लावत जायचे. पहिला आकडा सक्तीचा, बाकीचे ऐच्छिक. २१ उमेदवार असल्याने हा क्रम २१ पर्यंत नेता येत होता.

बहुतेकांचा सारा विचार पहिल्या आकड्यापुरता असतो. दुसरा आकडा कोणी घाईत लिहितो, कोणी मुद्दाम टाळतो. प्रत्यक्षात त्या निवडणुकीचा निकाल लागला तो या दुसऱ्या आकड्यामुळे. तो कसा लागला, हा आकडा मुळात आला कुठून आणि त्याच्यावर कितपत भरवसा ठेवावा, हे आपण या लेखात पाहू. विषय निवडणुकीचा असला तरी यात गणित बरेच आहे आणि तेही आठवी-नववीच्या मुलांना झेपेल असे.

अर्ध्याहून एक जास्त

नाशिकच्या अंबड येथील गोदामात १ जुलै रोजी मोजणी सुरू झाली. आधी वैध आणि अवैध मतपत्रिका वेगळ्या करण्यात आल्या. वैध मते ६३ हजारांच्या थोडी वर भरली. जागा एकच असल्यामुळे जिंकण्यासाठीचा आकडा काढण्याचे सूत्र सोपे आहे : वैध मतांना २ ने भागायचे, बाकी सोडून द्यायची आणि भागाकारात १ मिळवायचा. याला 'कोटा' म्हणतात. येथे तो साडेएकतीस हजारांच्या थोडा वर आला. अर्ध्याहून एक जास्त मते दोघांना एकाच वेळी मिळू शकत नाहीत, म्हणून कोटा गाठणारा नक्कीच एकटा असतो.

पहिल्या पसंतीची मते मोजली तेव्हा चित्र असे होते. शिवसेनेचे (शिंदे) किशोर दराडे यांना सुमारे २६,५०० मते होती. ते याच मतदारसंघातून २०१८ मध्ये निवडून आले होते. कोपरगावचे अपक्ष उमेदवार विवेक कोल्हे यांना सुमारे १७,४०० आणि शिवसेनेचे (उद्धव बाळासाहेब ठाकरे) संदीप गुळवे यांना सुमारे १६,३०० मते होती. उरलेल्या १८ उमेदवारांची मते एकत्र केली तर जेमतेम तीन हजार होत होती.

साधी निवडणूक असती तर निकाल इथेच लागला असता. येथे मात्र कोणीच कोटा गाठलेला नव्हता. दराडे यांना सुमारे पाच हजार मते कमी पडत होती.

मग फेरलढत सुरू झाली. ही फेरलढत मतदारांना पुन्हा केंद्रावर न बोलावता होते, कारण तिच्यासाठी लागणारी माहिती मतदारांनी मतपत्रिकेवर आधीच लिहून ठेवलेली असते. सर्वांत कमी मते असलेला उमेदवार बाद करायचा, त्याच्या गठ्ठ्यातल्या मतपत्रिका उघडून त्यांवर २ हा आकडा कोणापुढे आहे हे पाहायचे आणि ती मते त्या त्या उमेदवाराकडे द्यायची. २ ज्याच्यापुढे आहे तो आधीच बाद झाला असेल तर ३ पाहायचा. पुढचा आकडाच नसेल तर ती मतपत्रिका बाजूला ठेवायची. तिचे काम संपले. मग उरलेल्यांतला सर्वांत खालचा उमेदवार बाद करायचा. कोणीतरी कोटा गाठेपर्यंत हे चालू राहते.

आता आपण एक छोटी वजाबाकी करू. दराडे यांना पाच हजार मते हवी होती आणि तळाच्या १८ जणांकडे मिळून होती तीनच हजार. ती सगळीच्या सगळी त्यांच्याकडे आली असती तरी कोटा गाठला जाणार नव्हता. म्हणजे निकाल तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराचा गठ्ठा उघडल्यावरच लागणार, हे पहिल्या मोजणीनंतर कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही सांगता आले असते. झालेही तसेच. एकेक नाव गळत गेले, अखेर गुळवे यांच्या मतपत्रिका उघडल्या गेल्या आणि दराडे विजयी झाले. कोल्हे दुसरे राहिले. तोपर्यंत २ जुलै उजाडला होता.

कोल्हे यांना जिंकण्यासाठी काय लागले असते? त्यांची पिछाडी सुमारे नऊ हजार मतांची होती आणि तिसऱ्या क्रमांकासह बाद होणाऱ्या सर्वांची मते मिळून १९ हजारांच्या आसपास होती. त्या प्रत्येक मतपत्रिकेवर पुढची पसंती लिहिलेली आहे असे धरले, तर दर चार मतांपैकी जवळजवळ तीन मते कोल्हे यांच्याकडे यायला हवी होती. अशक्य नव्हे, पण फार अवघड.

एवढी खटपट कशासाठी?

विधानसभेच्या निवडणुकीत ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी, मग ती मते निम्म्याहून कमी का असेनात. याच जिल्ह्यातली दोन उदाहरणे पाहा. कोपरगाव मतदारसंघात २०१९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसचे आशुतोष काळे यांनी भाजपच्या स्नेहलता कोल्हे यांचा अवघ्या ८२२ मतांनी पराभव केला. पुढच्या क्रमांकांवरच्या उमेदवारांना मिळालेली मते या फरकाच्या कितीतरी पट होती. कर्जत-जामखेडमध्ये २०२४ साली राष्ट्रवादी काँग्रेसचे (शरदचंद्र पवार) रोहित पवार यांनी भाजपच्या राम शिंदे यांना १,२४३ मतांनी हरवले. येथेही फरकापेक्षा इतरांना पडलेली मते जास्त होती. दोन्ही ठिकाणी विजयी उमेदवार निम्म्या मतांपर्यंत पोहोचला नव्हता.

इतर उमेदवारांना मत देणाऱ्यांना पहिल्या दोघांपैकी कोण हवा होता, हे त्यांना कोणी विचारले नाही. विचारले असते तर निकाल बदलला असताच असे नाही. पण तो प्रश्न विचारण्याची सोयच त्या पद्धतीत नाही. शिक्षक मतदारसंघातला दुसरा आकडा नेमका हाच प्रश्न विचारतो : 'तुमचा उमेदवार रिंगणात नसता तर तुम्ही कोणाला मत दिले असते?'

हाच प्रश्न काही देश उघडपणे विचारतात. फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीत कोणाला निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर दोन आठवड्यांनी पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. यात खर्च दुप्पट येतो आणि दुसरीही एक अडचण असते. २००२ मध्ये पहिल्या फेरीत जाक शिराक यांना सुमारे १९.९ टक्के, ल पेन यांना १६.९ टक्के आणि पंतप्रधान जोस्पँ यांना १६.२ टक्के मते मिळाली. एका टक्क्याहूनही कमी फरकाने जोस्पँ बाहेर फेकले गेले. दुसऱ्या फेरीत शिराक ८२ टक्के मते घेऊन निवडून आले. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकातला बारीकसा फरक किती मोठा असू शकतो, हे ध्यानात ठेवू. नाशिककडे परतल्यावर त्याची गरज पडेल.

दोन गणितज्ञ आणि एक वकील

मत मोजण्याच्या पद्धतीत गणित आहे, हे फ्रान्समधल्या दोन शास्त्रज्ञांनी अठराव्या शतकात ठसठशीतपणे दाखवले. पहिला झाँ-शार्ल बोर्दा. हा नौदलातला अभियंता होता. मीटर या एककाची लांबी ठरवण्यासाठी पुढे जी मोजणी झाली, तिच्यात त्याने घडवलेले कोनमापक उपकरण वापरले गेले. त्याने १७७० मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे दाखवून दिले की सर्वांत जास्त मते मिळवणारा उमेदवार हा बहुसंख्यांना सर्वांत नकोसा असू शकतो. त्याचा उपाय आपल्या गुणपत्रिकेसारखा होता. प्रत्येक मतदाराने सर्व उमेदवारांना क्रम द्यावा, क्रमाप्रमाणे गुण द्यावेत आणि गुणांची बेरीज करावी. अकादमीने पुढे काही वर्षे आपले सदस्य निवडण्यासाठी हीच पद्धत वापरली.

दुसरा होता मार्की द काँदोर्से. हा अकादमीचा सचिव आणि गणितज्ञ होता. पुढे फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९४ मध्ये तो तुरुंगात मरण पावला. त्याने १७८५ च्या ग्रंथात वेगळी कसोटी सुचवली. उमेदवारांच्या दोन-दोनच्या जोड्या लावा. जो उमेदवार प्रत्येक जोडीत दुसऱ्याला हरवतो, तोच खरा विजयी. ही कसोटी पटण्याजोगी आहे. पण काँदोर्सेला तिच्यातली खोचही दिसली. कधीकधी 'अ' हा 'ब'ला हरवतो, 'ब' हा 'क'ला हरवतो आणि 'क' हा 'अ'ला हरवतो. मग विजयी कोण? तळाचा उमेदवार बाद करत जाण्याच्या पद्धतीचाही त्याने १७८८ मध्ये उल्लेख केला, तो तिच्यावर टीका करण्यासाठी. अशा रीतीने बहुसंख्यांना पसंत असलेला माणूसच आधी बाद होऊ शकतो, असा त्याचा आक्षेप होता.

आज नाशिकला वापरतात त्या पद्धतीची घडण एकोणिसाव्या शतकात झाली. डेन्मार्कमध्ये कार्ल आंद्रे या गणितज्ञ मंत्र्याने १८५५ मध्ये पसंतीक्रमाची निवडणूक प्रत्यक्षात आणली. त्याच सुमारास लंडनचे वकील थॉमस हेअर यांनी स्वतंत्रपणे अशीच योजना मांडली आणि तिच्यावर १८५९ मध्ये पुस्तक लिहिले. जॉन स्टुअर्ट मिल हा तत्त्वज्ञ या योजनेने इतका भारावला की १८६७ मध्ये त्याने ती ब्रिटिश संसदेत मांडली. संसदेने ती स्वीकारली नाही. मूळ योजना अनेक जागांसाठी होती. अल्पसंख्य गटालाही त्याच्या प्रमाणात जागा मिळाव्यात हा तिचा हेतू होता. एकाच जागेसाठी तिचा वापर करण्याची कल्पना पुढे १८७० च्या सुमारास अमेरिकेतल्या वास्तुशास्त्राच्या एका प्राध्यापकाने, विल्यम वेअर यांनी, मांडली. ऑस्ट्रेलियाच्या लोकसभेसारख्या सभागृहाची निवडणूक १९१८ पासून याच पद्धतीने होते आहे.

आपल्याकडे

भारतात ही पद्धत घटनेच्याही आधीपासून आहे. घटना समितीचे प्रांतांतले सदस्य १९४६ मध्ये प्रांतिक विधानसभांनी याच पद्धतीने निवडले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वेळी मुंबई प्रांतातून नव्हे, तर बंगालमधून निवडून आले होते. अनेक जागांच्या निवडणुकीत कोटा लहान होतो आणि थोड्या पण ठाम पाठीराख्यांच्या बळावर उमेदवार निवडून येऊ शकतो. साध्या बहुमताने सगळ्या जागा भरल्या असत्या तर सभागृहातल्या मोठ्या पक्षाने त्या सर्व घेतल्या असत्या. फाळणीनंतर ती जागा गेली आणि बाबासाहेब १९४७ मध्ये मुंबई प्रांतातून पुन्हा घटना समितीत आले.

घटनेच्या १७१ व्या अनुच्छेदाने विधान परिषदेसाठी हीच पद्धत नेमून दिली. तिचे सरकारी मराठी नाव आहे 'एकल संक्रमणीय मत'. एकल म्हणजे मत एकच आणि संक्रमणीय म्हणजे ते एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ जागा आहेत. त्यांपैकी ७ पदवीधरांच्या आणि ७ शिक्षकांच्या. शिक्षक मतदार होण्यासाठी मागच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षे माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत शिकवलेले असावे लागते. प्राथमिक शिक्षकांना घटनेने या मतदारसंघात घेतलेले नाही, ही त्यांची जुनी खंत आहे.

दुसऱ्या पसंतीने लागलेला देशातला सर्वांत गाजलेला निकाल मात्र राष्ट्रपतिपदाचा होता. १९६९ च्या त्या निवडणुकीत खासदार आणि आमदार मतदार होते. व्ही. व्ही. गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांच्याबरोबर तिसरे प्रमुख उमेदवार होते चिंतामणराव देशमुख. रायगड जिल्ह्यातल्या नाते या गावचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे. पहिल्या पसंतीत गिरी यांना ४,०१,५१५, रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ इतक्या मूल्याची मते पडली. कोटा होता ४,१८,१६९. इतर उमेदवार आणि देशमुख बाद झाल्यावर त्यांच्या मतांतून रेड्डी यांना ९१,८७९ ची भर पडली आणि गिरी यांना फक्त १८,५६२ ची. म्हणजे दुसऱ्या पसंतीत रेड्डी जवळजवळ पाचपट पुढे होते. तरीही शेवटची बेरीज गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७ अशी झाली. गिरी यांना हवी होती सोळा-सतरा हजारांची भर आणि ती त्यांना जेमतेम मिळाली. दुसऱ्या आकड्याचे वजन किती, हे पहिल्या आकड्याने किती अंतर शिल्लक ठेवले त्यावर ठरते, हे या उदाहरणावरून कळते.

वर्गाची सहल

आता थोडे प्रयोगाकडे वळू. हा प्रयोग कोणत्याही वर्गात करता येईल. समजा, ४५ मुलांच्या वर्गाला सहलीचे ठिकाण ठरवायचे आहे. पर्याय तीन : भंडारदऱ्याचे धरण, रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य आणि नेवासे. प्रत्येक मुलाने १, २, ३ असा क्रम दिला. चिठ्ठ्या उघडल्यावर असे दिसले :

१९ मुले : भंडारदरा, नेवासे, रेहेकुरी.
१४ मुले : रेहेकुरी, नेवासे, भंडारदरा.
१० मुले : नेवासे, रेहेकुरी, भंडारदरा.
२ मुले : नेवासे, भंडारदरा, रेहेकुरी.

विधानसभेची पद्धत लावली तर भंडारदरा १९, रेहेकुरी १४, नेवासे १२. सहल भंडारदऱ्याला.

शिक्षक मतदारसंघाची पद्धत लावू. ४५ भागिले २ म्हणजे २२, अधिक १, म्हणून कोटा २३. तो कोणीच गाठलेला नाही. नेवासे तळाला, म्हणून बाद. त्याच्या १२ चिठ्ठ्यांपैकी १० रेहेकुरीला आणि २ भंडारदऱ्याला जातात. रेहेकुरी २४, भंडारदरा २१. सहल रेहेकुरीला.

आता बोर्दाची पद्धत. पहिल्या क्रमाला २ गुण, दुसऱ्याला १, तिसऱ्याला ०. भंडारदऱ्याला ४०, रेहेकुरीला ३८ आणि नेवाशाला ५७ गुण पडतात. सहल नेवाशाला!

काँदोर्सेच्या जोड्या लावून पाहा. नेवासे आणि भंडारदरा यांत २६ विरुद्ध १९. नेवासे आणि रेहेकुरी यांत ३१ विरुद्ध १४. दोन्ही जोड्यांत नेवासेच पुढे आहे. तरीही फेरलढतीत तेच सर्वांत आधी बाद झाले.

मुले तीच, चिठ्ठ्या त्याच, एकानेही मत बदललेले नाही. मोजण्याची रीत बदलली तसे उत्तर बदलले. काँदोर्सेचा आक्षेप याच ठिकाणी होता. सर्वांना दुसऱ्या क्रमाने चालणारा, पण थोड्यांचाच पहिला असलेला पर्याय या पद्धतीत लवकर गळतो. मग सर्व दृष्टींनी निर्दोष अशी पद्धत आहे का? अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९५१ मध्ये सिद्ध केले की तीन किंवा अधिक पर्याय असतील तर पसंतीक्रमांवर आधारलेली कोणतीही पद्धत काही अगदी साध्या, रास्त अटी एकाच वेळी पाळू शकत नाही. १९७२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्यांत ते एक होते. तात्पर्य एवढेच की पद्धत निवडताना कोणता दोष आपण पत्करतो आहोत, ते माहीत असावे.

नाशिककडे परत

आता नाशिकच्या आकड्यांकडे पुन्हा पाहू. सगळ्यांचे लक्ष पहिल्या आणि दुसऱ्यातल्या नऊ हजारांच्या अंतराकडे असते. आमच्या मते त्या मोजणीतले खरे नाजूक अंतर दुसरे होते : दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकांमधले सुमारे अकराशे मतांचे.

असे का? तिसरा जो येईल, त्याचाच गठ्ठा उघडला जाणार होता. गुळवे तिसरे राहिले म्हणून त्यांच्या मतदारांचा दुसरा आकडा वाचला गेला. दराडे आणि कोल्हे यांच्या मतपत्रिकांवरचा दुसरा आकडा कोणी पाहिलाच नाही, पाहण्याची गरजच पडली नाही. हे दोन क्रमांक उलटे लागले असते तर कोल्हे यांचा सतरा हजारांचा गठ्ठा उघडला गेला असता आणि लढत दराडे विरुद्ध गुळवे अशी झाली असती. तिचा निकाल काय लागला असता, हे सांगता येत नाही. कदाचित हाच लागला असता, कारण दराडे यांची आघाडी मोठी होती. पण प्रश्न वेगळा विचारला गेला असता, हे नक्की. फ्रान्समध्ये २००२ ला जे घडले, त्याचेच हे छोटे रूप.

सगळ्या निवडणुका अशा लागत नाहीत. याच पाच जिल्ह्यांच्या पदवीधर मतदारसंघात २०२३ मध्ये संगमनेरचे सत्यजित तांबे पहिल्या पसंतीतच कोटा ओलांडून गेले. तिथे दुसऱ्या आकड्याला काही काम उरले नाही. उलट त्याच वेळी अमरावती पदवीधर मतदारसंघात मोजणी दुसऱ्या दिवसापर्यंत लांबली. इतर सर्व बाद झाले तरी धीरज लिंगाडे आणि रणजित पाटील या दोघांपैकी कोणालाच कोटा गाठता आला नाही. अखेर तीन हजारांहून अधिक मतांनी पुढे असलेले लिंगाडे विजयी घोषित झाले. कोटा का गाठला गेला नाही? काही हजार मतदारांनी पुढचे आकडे पुरेसे लिहिलेच नव्हते. त्यांचा उमेदवार बाद झाला आणि त्यांची मतपत्रिका निकालाआधीच थांबली. ऑस्ट्रेलियात लोकसभेच्या निवडणुकीला सर्व आकडे लिहिणे सक्तीचे आहे, त्यामागचे कारण हेच.

तीन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या

शिक्षकांशी बोलताना आम्हांला एक समज वारंवार आढळतो : 'दुसरा आकडा लिहिला तर आपल्या माणसाचे मत कमी होते.' हा समज चुकीचा आहे. तुमचा पहिला उमेदवार रिंगणात आहे तोपर्यंत तुमच्या मतपत्रिकेवरचा २ कोणी पाहतही नाही. तो बाद झाल्यावरच २ ला अर्थ येतो. म्हणून दुसऱ्या पसंतीने पहिल्याचे काडीचेही नुकसान होत नाही. ती न लिहिण्याने मात्र शेवटच्या लढतीत आपला शब्द उरत नाही.

दुसरी गोष्ट मतपत्रिका बाद होण्याची. नाशिकच्या त्या निवडणुकीत दीड हजारांहून अधिक मतपत्रिका अवैध ठरल्या, आणि मतदार सगळे शिक्षक होते! नियम कडक असले तरी अवघड नाहीत. पसंती आकड्यात लिहायची, अक्षरात नाही. बरोबरची खूण किंवा फुली करायची नाही. १ हा आकडा असलाच पाहिजे आणि तो एकाच नावापुढे हवा. सही, नाव किंवा ओळख पटेल अशी कोणतीही खूण चालत नाही. केंद्रावर दिलेलेच पेन वापरायचे. आकडे मराठी लिपीतले असोत की रोमन, चालतात.

तिसरी गोष्ट वर्गासाठी. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात विधान परिषदेवर चार-दोन ओळी असतात आणि मुले त्या पाठ करतात. त्याऐवजी वर्गप्रमुखाची निवडणूक एकदा पसंतीक्रमाने घ्या. चिठ्ठ्या फळ्यासमोर मोजा आणि जपून ठेवा. मग त्याच चिठ्ठ्या वर दिलेल्या चारही रीतींनी पुन्हा मोजायला मुलांना सांगा. उत्तर दर वेळी बदलेलच असे नाही. बहुतेकदा एकच येईल आणि तेही शिकण्यासारखे आहे : बहुसंख्यांचा कौल स्पष्ट असतो तेव्हा कोणतीही रीत तोच दाखवते. कौल तीन बाजूंना विभागला गेला की रीतीला महत्त्व येते.

एक मात्र आधी ठरवून घ्या. कोणत्या रीतीने मोजणार, हे चिठ्ठ्या उघडण्यापूर्वी फळ्यावर लिहून ठेवा. चिठ्ठ्या पाहून रीत निवडली, तर हवा तो विद्यार्थी निवडून आणता येतो, हे एव्हाना तुमच्या वर्गातल्या हुशार मुलांच्याही ध्यानात आलेले असेल.